सहावीनंतरची विहीर

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विकी ड्रेव्हज या अमेरिकन तरुणीने डायव्हिंगची दोन सुवर्णपदकं जिंकली. एक तीन मीटर उंचीच्या स्प्रिंगबोर्डावरून, म्हणजे उसळत्या फळीवरून, दुसरं दहा मीटरच्या प्लॅटफॉर्मवरून. एकाच ऑलिंपिकमध्ये ही दोन्ही पदकं मिळवणारी ती पहिली स्त्री. माहेरचं नाव व्हिक्टोरिया मनालो. वडील फिलिपिनो, आई इंग्लिश, घर सॅन फ्रान्सिस्कोत आणि परिस्थिती बेताची. बॅले शिकायची हौस होती, पण तेवढे पैसे घरात नव्हते. सोळाव्या वर्षी ती डायव्हिंगकडे वळली. तिथल्या एका बड्या हॉटेलच्या तलावावर सराव करायचा, तर ‘मनालो’ हे नाव चालणार नाही, असं तिला सांगण्यात आलं. आईचं माहेरचं ‘टेलर’ हे नाव लाव, मग पाण्यात उतर. तिने ते लावलं. अंगात जे काही होतं ते सिद्ध करायला आधी पाणी मिळायला हवं होतं, आणि पाण्याच्या दारावर बापाचं नाव उतरवून ठेवावं लागत होतं.

तिच्या कारकिर्दीतला हाच भाग मला पदकांपेक्षा मोठा वाटतो. खेळाडूंच्या चरित्रांत आपण जिद्द, मेहनत, घाम यांच्या गोष्टी आवडीने वाचतो. ती मेहनत करायची जागा कोणाच्या ताब्यात होती आणि कोणाला कोणत्या अटीवर आत घेतलं जात होतं, हे क्वचित विचारतो.

कोकणातल्या माणसाला हे कळायला अमेरिकेपर्यंत जावं लागत नाही. महाड आपलंच आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक स्वतः तळ्यावर जाऊन पाणी प्यायले तोवर ते पाणी अस्पृश्यांसाठी बंदच होतं. त्यानंतरही तळं ‘शुद्ध’ करून घेतलं गेलं, नगरपालिकेने आपला ठराव फिरवला आणि प्रकरण उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ साल उजाडलं. जातीपायी नाकारलेलं प्यायचं पाणी आणि मुलीला नाकारलेलं पोहायचं पाणी यांची बरोबरी मी करत नाही. पहिल्यात माणूसपणच नाकारलेलं होतं. पण कागदावर खुलं असलेलं पाणी प्रत्यक्षात बंद कसं राहतं, हे ज्या जिल्ह्यांनी इतक्या जवळून पाहिलं, त्यांनी तरी आपल्या मुलींच्या बाबतीत ‘बंदी कुठे आहे? कोण अडवतंय त्यांना?’ असं विचारू नये.

अडवतंय कोण ते सांगते.

मे महिन्यात आमच्या सिंधुदुर्गातल्या कुठल्याही वाडीतली मोठी बाव, म्हणजे विहीर, बघा. चाकरमानी आलेले असतात, मुंबईची मुलं आणि गावची मुलं मिळून दुपारभर पाण्यात असतात. त्यात पाचवी-सहावीपर्यंतच्या मुली मुलांच्या बरोबरीने असतात, आणि कित्येकदा मुलांपेक्षा सरस. गेल्या मे महिन्यात आमच्या वाडीतल्या एका पाचवीतल्या मुलीला मी बराच वेळ पाहत होते. चिऱ्याच्या कठड्यावर पायाची बोटं बाहेर येतील अशी ती उभी राहायची. आधी हातातला खडा पाण्यात टाकायची. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, “पाणी हललां की खंय आसा ता दिसता.” मग दोन्ही हात डोक्यावर जुळवून, कान दंडात दाबून, सूर. मुटका मारणाऱ्या पोरांनी उडवलेलं पाणी कठड्यावर येत होतं. तिच्या उडीला नुसता ‘चुप्’ असा आवाज यायचा आणि पाणी मिटायचं.

ऑलिंपिकच्या डायव्हिंग तलावात पाण्यावर सतत फवारा सोडलेला असतो, तो याचसाठी. शांत पाणी वरून दिसत नाही, हवेत गिरक्या घेणाऱ्या खेळाडूला पृष्ठभागाचा अंदाज यावा म्हणून ते हलवत ठेवतात. आणि पाणी न उडवता आत शिरणं, ज्यावर परीक्षकांची नजर खिळलेली असते, ते कौशल्य जुळवलेल्या हातांवर आणि ताणलेल्या खांद्यांवर असतं. हे त्या मुलीला कोणी शिकवलं नव्हतं.

तिची सातवीतली चुलत बहीण कठड्याच्या सावलीला बसली होती. अंगावर ओढणी, मांडीवर धाकट्या भावाचा टॉवेल. दोन वर्षांपूर्वी तीही याच बावीत सूर मारायची. आता नाही. कोणी मारलं नाही, कोंडलं नाही, घरात भांडणही झालं नाही. आजी एकदा म्हणाली, “आता मोठी झालंस, बावीत उडी मारूक जाव नको,” आणि विषय संपला. पाळी सुरू झाली की चार दिवस बावीवर जायचं नाही, हा नियम अजून कित्येक घरांत आहे. उरलेल्या सव्वीस दिवसांची सोय ओले कपडे अंगाला चिकटतात या काळजीने होते. त्यात आता प्रत्येक पोराच्या हातात मोबाइल. कोणी व्हिडिओ काढला आणि गावभर फिरवला तर, ही आईची भीती खोटी नाही. शिवाय उन्हात काळी पडलीस तर पुढे लग्नाला अडचण, हेही कोणीतरी बोलतंच. यातलं एकही कारण एकटं भक्कम नाही. सगळी मिळून मात्र एका उन्हाळ्यात मुलगी पाण्याबाहेर जाते ती कायमची.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की कोकणातल्या मुलींना पाण्याच्या खेळात पुढे आणायचं तर गुणवत्ता शोधण्याच्या योजना आधी नकोत. गुण समोर दिसताहेत. अकरा ते सोळा या वयात मुलगी पाण्यातून बाहेर पडणार नाही एवढी एकच सोय करायची आहे, आणि ती करणं ग्रामपंचायतीचं, शाळेचं आणि जिल्हा नियोजनाच्या पैशाचं काम आहे.

सोलापूरकडे पाहा. समुद्र नाही, पावसाची मारामार, उन्हाळ्यात टँकरच्या बातम्या. त्या सोलापूरची ऋतिका श्रीराम राष्ट्रीय पातळीवर डायव्हिंगची सुवर्णपदकं जिंकते. कारण त्या शहरात डायव्हिंग शिकायची आणि शिकवायची परंपरा टिकली, पिढ्यांमागून पिढ्या मुलं बोर्डावर उभी राहिली. आमच्याकडे सातशेहून अधिक किलोमीटरचा किनारा, दर वाडीला बाव, देवळापुढे तळी, वर्षाला चार महिने आभाळ फाटल्यासारखा पाऊस, आणि मालवणच्या मुलीला स्प्रिंगबोर्डावर उभं राहायचं तर घाट चढा, मुंबई गाठा, नाहीतर गोव्याची हद्द ओलांडा. पुण्याला बालेवाडीत १९९४ च्या राष्ट्रीय खेळांच्या वेळी डायव्हिंगचा तलाव झाला. तिथे राहून सराव करायचा खर्च आमच्या मच्छीमाराच्या किंवा आंबा-काजूवाल्याच्या घरी परवडणार कसा?

इथे एक आक्षेप लगेच येतो. समुद्र आहे की, तलाव कशाला? समुद्र पोहण्याला आहे आणि त्याचा उपयोगही होतो. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात सागरी जलतरणाची राज्यस्तरीय स्पर्धा भरते, राज्यभरातून मुलं-मुली येतात, हे अभिमानाचंच आहे. पण डायव्हिंगला समुद्र चालत नाही. भरती-ओहोटीबरोबर खोली बदलते, खाली खडक की वाळू ते कळत नाही. जेटीवरून उड्या मारणारी पोरं आपण पाहतो आणि कौतुक करतो; डोक्यावर उडी मारल्यावर खाली पाणी कमी निघालं तर मानेचा मणका मोडतो आणि माणूस जन्मभर अंथरुणाला खिळतो. विहिरीतही हाच धोका. वैशाखात पाणी उतरतं, पावसाळ्यानंतर सात हात असलेलं पाणी मे महिन्यात तीन हातावर येतं, तळाला गाळ आणि कपारीचे दगड वर येतात. म्हणूनच शिकवणारं माणूस हवं. आधी खोली मोजायची, नव्या पाण्यात पहिली उडी पायावरच, डोक्यावरची उडी खोली माहीत असल्याशिवाय नाही, एवढं तरी प्रत्येक मुलाला शाळेत सांगितलं गेलं पाहिजे. धोका आहे म्हणून विहिरीला जाळी ठोकून कुलूप लावणं सोपं असतं, आणि अलीकडे तेच होतंय. कुलूप लागलं तरी मुलगे खाडीवर जातातच. घरी राहतात त्या मुली.

तलाव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कोट्यवधींचं बांधकाम उभं राहतं. दहा मीटरचा मनोरा उभारायचा तर पाण्याची खोली पाच मीटर लागते, खर्चही तसाच. तो मी मागत नाहीये. एक मीटरचा आणि तीन मीटरचा स्प्रिंगबोर्ड, त्यांच्याखाली सुमारे चार मीटर खोलीचा छोटा चौकोन, असा एक तलाव रत्नागिरीत आणि एक सिंधुदुर्गात झाला तरी एका पिढीचं काम होईल. पर्यटनासाठी किनाऱ्यावर होणाऱ्या कामांच्या मानाने ही मागणी मोठी नाही. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे, मालवणला हजारो पर्यटक पाण्याखालचे मासे बघायला येतात. पाणी विकायला आपण शिकलो. पण बोटीवर गाइड म्हणून बहुतेक गावचे मुलगे आणि किनाऱ्यावर माशाची थाळी वाढायला गावच्या मुली, ही वाटणी मला बोचते. त्याच मुली सहावीपर्यंत त्या मुलांना पोहण्यात मागे टाकत होत्या.

दुसरी गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते. डायव्हिंगचा बराचसा सराव कोरड्यावर होतो. ट्रॅम्पोलिन, कमरेला पट्टा बांधून हवेत कोलांट्या, स्पंजाच्या खड्ड्यात उड्या. दहा मीटरवरून खाली यायला दीड-पावणेदोन सेकंद लागतात आणि पाण्याला धडक बसते ती ताशी सुमारे पन्नास किलोमीटरच्या वेगाने. तेवढ्या वेळात साडेतीन कोलांट्या घेऊन सरळ व्हायचं, तर शरीराला ते जमिनीवरच पाठ झालेलं असावं लागतं. गुडघे पोटाशी घट्ट धरणं, पाय सरळ ठेवून कमरेतून दुमडणं, उलटं असताना आपण कुठे आहोत याचं भान ठेवणं, हे सगळं आपल्याकडे मल्लखांबात आहे. दोरीच्या मल्लखांबावर चढलेली दहा वर्षांची मुलगी डोकं खाली, पाय वर अशा स्थितीत न घाबरता थांबते, तेव्हा तिने अर्धं डायव्हिंग शिकलेलंच असतं. राहिलेला अर्धा भाग पाण्याचा, आणि तो तिच्या घरामागच्या बावीत तिने शिकलेला असतो. मल्लखांबाचे प्रशिक्षक आणि जलतरणाचे प्रशिक्षक एका जिल्ह्यात राहून एकमेकांशी बोलत नाहीत, याला निधीची अडचण म्हणता येत नाही. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी एकदा दोघांना एका खोलीत बसवावं, एवढंच लागतं.

चीनचं उदाहरण इथे नेहमी दिलं जातं, आणि ते नीट पाहायला हवं. छुआन होंगछान ही ग्वांगडोंग प्रांतातल्या झानजियांगजवळच्या खेड्यातली मुलगी. तोही किनाऱ्याचा, उष्ण हवेचा मुलूख. वडील संत्र्यांची शेती करतात, पाच भावंडं, आई २०१७ मध्ये रस्ता अपघातात जखमी होऊन आजारी. सात वर्षांची असताना गावच्या शाळेत खेळत होती, तेव्हा मुलं निवडायला आलेल्या प्रशिक्षकाच्या नजरेला पडली. जिल्ह्याच्या क्रीडाशाळेचा तलाव उघड्यावर होता. तिथून सात वर्षांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, चौदाव्या वर्षी टोकियोत दहा मीटरच्या प्लॅटफॉर्मवर तिने ४६६.२० गुण मिळवून सुवर्ण जिंकलं. पाच उड्यांपैकी तीन उड्यांना पैकीच्या पैकी गुण. मग २०२४ मध्ये पॅरिसला वैयक्तिक आणि जोडीचं, अशी आणखी दोन सुवर्णं.

यातलं घ्यायचं काय, तर एक प्रशिक्षक उठून खेड्यातल्या प्राथमिक शाळेत गेला, ही गोष्ट. आपल्याकडे निवड चाचण्या जिल्ह्याच्या ठिकाणी लागतात आणि मुलीने एस.टी.ने तिथे यावं अशी अपेक्षा असते. बरोबर कोण येणार, परतीची गाडी किती वाजता, इथेच निम्म्या मुली गळतात. घ्यायचं नाही ते म्हणजे घरापासून तोडलेलं बालपण. चीनचीच फू मिंगशिया १९९१ मध्ये बाराव्या वर्षी जगज्जेती झाली आणि त्यानंतर जागतिक संघटनेला किमान चौदा वर्षांची अट घालावी लागली, यावरून ती व्यवस्था लेकरांना किती लवकर पणाला लावत होती हे कळतं. टोकियोनंतर छुआनच्या गावातल्या घरापुढे गर्दी लोटली, लोक रात्री-अपरात्री व्हिडिओ काढत राहिले. देऊ केलेले पैसे आणि घरं तिच्या वडिलांनी नाकारली. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. आपल्या मुलींना घरचं जेवून, आपल्या शाळेत शिकून, संध्याकाळी दोन तास पाण्यात जाता यावं. त्यातून पदक आलं तर उत्तम. नाही आलं तरी किनाऱ्यावरच्या गावात न घाबरता पोहणारी, दुसऱ्याला बुडताना वाचवू शकणारी बाई तयार झाली, हे सार्वजनिक पैशाचं पूर्ण मोल आहे.

तरी पदकाची भाषा मी सोडणार नाही. मुलींसाठी काही मागितलं की ‘आरोग्य’, ‘स्वसंरक्षण’ अशा शब्दांत मागायची आपल्याला सवय लागली आहे, जणू जिंकावंसं वाटणं हे मुलीला शोभत नाही. १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या तेव्हा के. पी. ठक्कर यांनी स्प्रिंगबोर्ड आणि प्लॅटफॉर्म दोन्हींत भारताला सुवर्ण मिळवून दिलं. तिथे स्त्रियांसाठी डायव्हिंगचा प्रकारच ठेवला नव्हता. विकी ड्रेव्हजच्या लंडनमधल्या दोन सुवर्णांना तेव्हा तीन वर्षं झाली होती.

‘पण पुढे काय? लग्न झालं की सुटणारच ना?’ हा प्रश्न मी आयांच्या तोंडून, शिक्षकांच्या तोंडून, एका सरपंच बाईंच्याही तोंडून ऐकला आहे. त्याला उत्तर पॅट मॅकॉर्मिक. कॅलिफोर्नियातल्या सील बीच या किनाऱ्यावरच्या गावात १९३० मध्ये जन्मली. १९४८ ची अमेरिकेची निवड अगदी थोडक्यात हुकली. लग्न झालेलं होतं. १९५२ मध्ये हेलसिंकीत स्प्रिंगबोर्ड आणि प्लॅटफॉर्म दोन्ही सुवर्णं तिची. १९५६ च्या मेलबर्नआधी काही महिने ती बाळंत झाली, मुलगा झाला, आणि मेलबर्नला जाऊन तिने पुन्हा दोन्ही सुवर्णं जिंकली. लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये दोन्ही प्रकार जिंकण्याची ही कामगिरी अमेरिकेच्याच ग्रेग लूगानिसने १९८८ मध्ये करेपर्यंत कोणालाही, पुरुषांनाही, जमली नव्हती. तिची मुलगी केली हिने पुढे १९८४ ला रौप्य आणि १९८८ ला कांस्य मिळवलं. पाण्यात नाव काढलेल्या आईची मुलगी होती ती. आमच्या वाडीतल्या मुलींनी आपल्या आईला पाण्यात कधी पाहिलेलंच नाही. आई पोहते हेच कित्येकींना ठाऊक नसतं, कारण तीही सहावीतच बाहेर पडलेली असते.

आणि साधनं नाहीत म्हणून थांबायचं, तर त्यालाही इतिहासात आधार नाही. १९२० च्या अँटवर्पमध्ये डायव्हिंगची स्पर्धा काळ्या, गार पाण्याच्या खंदकात झाली होती. चौदा वर्षांच्या आयलीन रिगिनने तिथे स्त्रियांचं स्प्रिंगबोर्डाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, आणि खालच्या चिखलात आपण रुतून बसू अशी धास्ती वाटत होती असं ती पुढे सांगत असे. आमच्या बावीचं पाणी त्याहून स्वच्छ आहे.

म्हणून तलावाची वाट पाहायची गरज नाही. तलावाचा प्रस्ताव जिल्हा नियोजन समितीपुढे जाईल, यथावकाश होईल, त्यासाठी भांडत राहू. त्याआधी, येत्या उन्हाळी सुट्टीत, प्रत्येक तालुक्याने दोन सार्वजनिक विहिरी किंवा तळी निवडावीत. मार्चअखेर गाळ उपसावा, खोली मोजून कठड्यावर रंगाने लिहावी. सकाळी सात ते नऊ हा वेळ फक्त मुलींचा ठरवावा आणि तो ग्रामसभेत जाहीर करावा. त्या वेळात विहिरीवर मोबाइल न्यायचा नाही, कोणीही, हा नियम पोलीस पाटलाने पाळून घ्यावा. कपडे बदलायला ताडपत्रीचा आडोसा का होईना, बांधावा. अंगभर असलेला पोहण्याचा पोशाख बाजारात मिळतो, शाळेच्या गणवेशाबरोबर तो द्यायला हरकत कसली?

सगळ्यात अडचणीचा मुद्दा शिकवणाऱ्या बाईचा आहे. पुरुष प्रशिक्षक असला तर अर्ध्या आया मुलीला पाठवणार नाहीत, आणि त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण चिवल्याच्या स्पर्धेत दरवर्षी पोहणाऱ्या, आता विशीत असलेल्या मुली याच किनाऱ्यावर आहेत. त्यांना जीवरक्षकाचं रीतसर प्रशिक्षण द्यावं आणि सुट्टीच्या दोन महिन्यांचं मानधन द्यावं, किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांना देतात तेवढंच, सेवाभावाच्या नावाखाली कमी नाही. पाऊस सात जूनच्या आसपास येतो आणि मग बावी तुडुंब भरून पाणी गढूळ होतं. तेव्हा हे ठराव ग्रामसभांत २६ जानेवारीलाच झाले पाहिजेत, आणि मे उजाडल्यावर पहिल्या दिवशी पाण्यात उतरायला त्या सातवीतल्या मुलींना त्यांच्या आयांनी स्वतः घेऊन आलं पाहिजे.